चौथ्या प्रकरणातलं उणे

३ जुलै, सोमवार

धाकटे, आधी तब्येती. तुझा खांदा कसा आहे? हात वर जातो का आता, की अजून वेणी सूनबाईकडूनच घालून घेतेस? भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? त्यांना म्हणावं, डबा लपवून खाल्लेलंसुद्धा रक्तात दिसतं. सूनबाईचा खोकला गेला? नातीचा पुढचा दात पडला होता, तो उगवला की अजून खिडकी उघडीच? आणि तुमच्या त्या लंगड्या मांजरीचं काय झालं? माझं विचारशील तर गुडघे कुरकुर करतात, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी मी ठणठणीत.

तूच फोनवर म्हणालीस, "ताई, तू बोलतेस त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. लिहून ठेव आणि वही भरली की पाठव." तर ही ती वही. तुझ्यासाठी लिहायची म्हणजे खोटं लिहायची सोय नाही. माझं खोटं तुला लांबूनच कळतं.

बातमी अशी की मला वर्गात बसायची परवानगी मिळाली! पदव्युत्तर वर्ग, विषय सापेक्षता, आधी विशेष आणि मग व्यापक. ज्या इमारतीत एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप केले, तिथेच आता शेवटच्या बाकावर मी बसणार. शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीच्या आहेत, मी निवृत्त झाल्यावर आलेल्या. त्यांनी विचारलं, "गणित कुठवर झालंय?"

म्हटलं, "शाळेपुरतं शाळेत. पुढचं घरी."

"घरी म्हणजे?"

"आठ वर्षं, रोज सकाळी दोन तास, स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

त्यांनी एक गणित घातलं. मी सोडवलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "बसा तुम्ही. परीक्षा नाही दिली तरी गृहपाठ मात्र द्यायचा."

तू विचारशील, या वयात कशाला. अगं, ती चिन्हं एकतीस वर्षं माझ्या बोटांखालून गेली. कुठलं अक्षर अर्धं घर वर, कुठलं अर्धं घर खाली, टाइपरायटरमधला ग्रीक अक्षरांचा गोळा कधी बदलायचा, सगळं झोपेत सांगितलं असतं. पण ती चिन्हं म्हणतात काय, ते ना मला कुणी सांगितलं, ना मी विचारलं. एखाद्या पोस्टमननं जन्मभर पत्रं वाटावीत आणि त्यातलं एकही वाचू नये, तसं झालं माझं.

१२ जुलै, बुधवार

शेजारी एक लांब वेणीची मुलगी बसते. मी तिला मनात वेणीवाली म्हणते. पहिल्या दिवशी तिला वाटलं, मी कुणाचीतरी वाट बघत बसलेय. "आजी, वर्ग सुरू होईल हं आता," असं हळूच सांगितलं तिनं. मी वही काढली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आज मॅडमनी शिकवलं की दोन गोष्टी 'एकाच वेळी' झाल्या, हे सगळ्यांनी मिळून ठरवता येत नाही. चालत्या माणसाचं 'आत्ता' वेगळं आणि उभ्या माणसाचं 'आत्ता' वेगळं. दोघंही खरं बोलतात. मला हे ऐकून का कोण जाणे, बरं वाटलं.

आणखी एक गंमत. जमिनीजवळचं घड्याळ वरच्या मजल्यावरच्या घड्याळापेक्षा किंचित मागे पडतं. म्हणजे मी चौथ्या मजल्यावर भराभर म्हातारी होतेय आणि तू तळमजल्यावर बसून तरुण राहतेस. फरक इतका बारीक की दोघींच्या आयुष्यात मिळून एक पापणीसुद्धा लवणार नाही. पण तक्रार करायला जागा झाली.

२६ जुलै, बुधवार

आज वर्ग माझ्यावर हसला, पण प्रेमानं. मॅडमनी फळ्यावर लांबलचक समीकरण लिहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिसऱ्या अक्षराचा खालचा इंडेक्स राहिला." त्यांनी पाहिलं तर खरंच राहिलेला.

"तुम्हाला या ओळीचा अर्थ लागला?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण ओळ लंगडी दिसली."

सगळे हसले, मॅडमसुद्धा. नंतर त्यांनीच समजावलं की इंडेक्स, म्हणजे चिन्हाला वर-खाली लावलेली बारीक अक्षरं, एक वरचं एक खालचं असे जोडीजोडीनं जिरतात आणि उरलेले दोन्ही बाजूंना सारखे राहावे लागतात. बघ धाकटे, हा नियम मला बोटांनी माहीत होता, डोक्याला आज कळला.

त्यावरून जुने दिवस आठवले. नोकरीत असताना अशा कितीतरी चुका मी सावरल्या. पोरं बिचारी मुदतीच्या मागे धावत असायची, डोळे लाल, हाताला शाई. हस्तलिखितात चिन्ह सुटलेलं दिसलं की मी घालून टाकायची. सांगायचीसुद्धा नाही. कशाला उगाच ओशाळवायचं? विभागात म्हणायचेच, बाईंच्या हाताखालून गेलेल्या पानात चूक सापडत नाही.

एका मुलाची फार आठवण आली. त्याच्या बाहीला कायम खडू लागलेला असायचा, म्हणून मी त्याला खडूवाले म्हणायची. पस्तीस वर्षं झाली असतील. फार सज्जन. त्याच्या तोंडी परीक्षेत काहीतरी बिनसलं आणि प्रबंध परत आला. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला. हातात कागद होते. म्हणाला, "चौथं प्रकरण तुम्हीच टाइप केलंत ना?" मी म्हटलं, "हो, मीच. एक अक्षरही दुसऱ्या कुणाचं नाही. किती सुबक झालंय ना?" हातातले कागद दुमडत तो म्हणाला, "फार सुबक. तुम्हाला त्रास दिला." स्वतःच्या अशा दिवशीसुद्धा आभार मानायला आला. अशी माणसं दुर्मीळ.

९ ऑगस्ट, बुधवार

गृहपाठ परत मिळाला. दहापैकी चार. मार्कांचं काही नाही गं. पण मॅडमनी तिसऱ्या गणिताला लाल गोल करून खाली जे लिहिलंय, ते मी घरी आल्यापासून दहादा वाचलंय.

तुला समजेल असं सांगते. सापेक्षतेच्या पुस्तकांत चिन्हांच्या दोन रीती आहेत. एका रीतीत काळाच्या बाजूला अधिक लावतात आणि अंतराच्या बाजूला उणे. दुसरीत नेमकं उलट. दोन्ही बरोबर. निम्मी पुस्तकं अशी, निम्मी तशी. एखाद्या घरात मीठ डावीकडच्या डब्यात असतं, एखाद्यात उजवीकडच्या, तेवढाच फरक. मात्र एका घरात एकच रीत पाळायची. मी गणिताची सुरुवात एका पुस्तकातून घेतली आणि मधलं सूत्र दुसऱ्यातून. प्रवाशाच्या वेगाचा वर्ग एका रीतीत अधिक एक येतो, दुसरीत उणे एक. मी पहिल्या रीतीत दुसरीचं उणे आणून बसवलं.

मॅडमनी लिहिलंय, "दोन रीतींची सरमिसळ. तुमचा प्रवासी प्रकाशापेक्षा वेगानं पळाला!"

धाकटे, हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. याच इमारतीत. खडूवाल्यांच्या परीक्षेच्या दिवशी दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर कागद लावत बसले होते. आतून परीक्षकांचा आवाज आला, "तुमचा निरीक्षक प्रकाशापेक्षा वेगानं चाललाय का हो?" आणि मग हशा. त्यानंतर खडूवाल्यांचा आवाज काही आला नाही.

त्यांच्या चौथ्या प्रकरणात वेगाचा वर्ग अधिक एक लिहिलेला होता. मला स्वच्छ आठवतंय, कारण त्याआधीच्या दहा प्रबंधांत मी तिथे उणे एक टाइप केलं होतं. मला वाटलं, घाईत चुकला बिचारा. मी चार ठिकाणी उणे घातलं. न सांगता.

१० ऑगस्ट, गुरुवार

त्यांचं बरोबर होतं. त्यांची रीत वेगळी होती, इतकंच.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

दोन वर्ग बुडवले. आज तुझा फोन आला, तुला सगळं सांगितलं आणि तू जे बोललीस तेही इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकबूल व्हायला नको.

"ताई, पस्तीस वर्षांपूर्वीचं एक उणे! त्या माणसाला नातवंडं झाली असतील. कशाला उकरतेस?"

"चार उणे."

"बरं, चार. आणि तू मुद्दाम केलंस का?"

"मुद्दामच केलं. चांगल्या मनानं केलं, पण मुद्दाम केलं. बोट घसरलं नव्हतं माझं."

मग तू म्हणालीस, "त्याला राग असता तर तो तेव्हाच तुला ओरडला नसता का?" मी म्हटलं, त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नाही कुणी केलं ते. ठाऊक असतं तर दुसऱ्या दिवशी आभार मानायला आला असता का? त्याला जन्मभर वाटलं असेल की आपणच चुकलो. हेच मला खातंय. एका माणसाला मी त्याच्या स्वतःच्या हुशारीवर शंका घ्यायला लावली आणि वर 'किती सुबक' म्हणून विचारलं.

तू म्हणालीस, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. नव्हते जेवले.

२७ ऑगस्ट, रविवार

वेणीवाली घरी आली. पत्ता विभागातून काढलान म्हणे. दारातच, "आजी, तुमच्याशिवाय फळ्यावरच्या चुका कोण काढणार? मॅडम रोज तुमच्या बाकाकडे बघतात." तिला बसवलं, खाऊ घातलं आणि सगळं सांगून टाकलं. अनोळखी पोरीला सांगणं तुला सांगण्यापेक्षा सोपं गेलं, रागावू नकोस.

तिनं मान डोलावली नाही की सांत्वन केलं नाही. म्हणाली, "त्यांचं पूर्ण नाव सांगा." आणि मोबाइलवर दहा मिनिटं अंगठे चालवले. सापडले! नकाशे काढणाऱ्या कार्यालयात तीस वर्षं होते, दोन वर्षांपूर्वी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. राहतात बसनं दोन तासांवर.

"पत्र लिहिणार की जाणार?" तिनं विचारलं.

"पत्रात माणसाचा चेहरा दिसत नाही."

"तुम्हाला त्यांचा बघायचाय की त्यांनी तुमचा बघायचाय?"

पोरगी तिखट आहे. जाताना अट घातलीन, वर्गात यायचं. वक्रता सुरू झालीय.

६ सप्टेंबर, बुधवार

वर्गाला जाते आहे. मॅडमनी चेंडूवर बाण सरकवून दाखवला. बाण जराही न वळवता, स्वतःशी समांतर ठेवत, विषुववृत्तावरून ध्रुवापर्यंत नेला आणि दुसऱ्या वाटेनं परत आणला. आला तो फिरलेला. वाटेत कुणी फिरवला नव्हता. ही वक्रता. माझं सगळं लक्ष चेंडूवर नव्हतं, पण हे मात्र डोक्यात शिरलं.

खडूवाल्यांना फोन केला. मी कोण ते सांगितलं. पलीकडून, "या की. शनिवारी या. दुपारचं जेवायलाच या." आवाज तसाच आहे. का येतेय, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटत असेल, जुन्या ओळखीनं येतेय म्हातारी.

१६ सप्टेंबर, शनिवार

आताच परत आले. पायावर पाणी घेतलं आणि लिहायला बसले, नाहीतर शब्द इकडचे तिकडे होतील.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. गोल चेहऱ्याची, हसरी. मला बघून आत हाक मारली, "अहो, तुमच्या टायपिस्टबाई आल्या." तुमच्या! मला नवल वाटलं, या घरात मी कशी काय माहीत?

खडूवाले आता पांढरे झालेत. बाही स्वच्छ. मी वाटभर वाक्यं जुळवली होती, सगळी विसरले. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हटलं, "तुमच्या चौथ्या प्रकरणात चार उणे होती, ती मी घातली होती. तुमचं बरोबर होतं. मला वाटलं तुम्ही चुकलात, म्हणून मी सावरलं. मला हे गेल्या महिन्यात कळलं."

ते म्हणाले, "मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं."

मी आत्ता कुठे खुर्चीत टेकले.

"घरी जाऊन हस्तलिखित लावून पाहिलं की मी. माझ्या कागदावर अधिक, तुमच्या कागदावर उणे. कळायला कितीसा वेळ लागतो?"

"मग दुसऱ्या दिवशी आलात ते..."

"भांडायला. वाक्यं पाठ करून आलो होतो. आणि तुम्ही इतक्या आनंदानं विचारलंत, 'किती सुबक झालंय ना?' माझी गाडी तिथेच बंद पडली."

धाकटे, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "रागावला असाल."

"दोन-तीन महिने. चांगलाच," ते म्हणाले. बायको आतून म्हणाली, "तीन कसले? माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा तोंड पाडून होते. मला वाटलं, मीच पसंत नाही!"

मग ते जरा पुढे सरकून बसले. म्हणाले, "बाई, एक सांगतो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. खरं आहे म्हणून. परीक्षकांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, टाइप करताना चिन्ह उलटलंय, पहिलं प्रकरण बघा, तिथं माझी रीत लिहिलीय. एक वाक्य. मला ते म्हणता आलं नाही. कारण त्या क्षणी मलाच वाटलं, आपणच चुकलो असणार. उणे तुमचं होतं. गप्प बसणं माझं. पुढं वर्षभराची मुदत होती, दुरुस्त करून देता आलं असतं. नाही दिलं. नकाशांचं काम मिळालं, ते मनापासून आवडलं. तेव्हा सगळं तुमच्या चार उण्यांवर ढकलू नका, माझ्या वाटणीचं मला राहू द्या."

मी रडले. त्यांच्या बायकोनं पाण्याचं भांडं आणून हातात दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली, जणू आमची जन्माची ओळख.

जेवताना त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला हे गेल्या महिन्यात कळलं कसं?"

"गृहपाठात. तीच चूक पुन्हा केली. दहापैकी चार."

त्यांना आधी वाटलं, मी थट्टा करतेय. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं. कुठवर झालं, ती इंडेक्सवाली चिन्हं, टेन्सर, कळतात का, वक्रता झाली का. मी चेंडूवरचा बाण सांगितला. त्यांनी ताटाच्या कडेनं बोट फिरवत एक प्रश्न घातला, मी उत्तर दिलं, अर्धं बरोबर आलं. ते जेवायचे थांबले.

"म्हणजे तुम्हाला आता वाचता येतं," ते म्हणाले. हळूच म्हणाले.

उठले, हात धुतले आणि कपाटातून एक गठ्ठा काढला. बायको म्हणाली, "पस्तीस वर्षं हा माझ्या चादरींची जागा अडवून बसलाय. न्या बाई, उपकार होतील."

टाइप केलेली प्रत नव्हे गं, हस्तलिखित. ते म्हणाले, "हा अजून कुणी शेवटपर्यंत वाचलेला नाही. परीक्षकसुद्धा चौथ्या प्रकरणाशी हसून थांबले. बरोबर आहे का चूक, मलाही आता सांगता येणार नाही. वाचाल?"

मी दोन्ही हातांनी घेतला. परतीच्या बसमध्ये मांडीवरून खाली ठेवला नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

दोन आठवडे रोज सकाळचे दोन तास त्याच गठ्ठ्याचे. मॅडमच्या वर्गातलं तिथे उपयोगी पडतं आणि तिथलं वर्गात. पूर्वी मी असं पान बारा मिनिटांत टाइप करायची. आता एका पानाला तीन दिवस लागतात.

वहीचं हे शेवटचं पान, उद्या तुझ्याकडे पोस्टानं निघेल. आज खडूवाल्यांना पत्र लिहिलं, त्याची नक्कल तुझ्यासाठी इथे उतरवते.

"सप्रेम नमस्कार. घरी चादरी नीट मावल्या का? वाचन सहाव्या पानापर्यंत आलं. फिरत्या चकतीच्या कडेवर तुम्ही निरीक्षक ओळीनं बसवलेत. प्रत्येक जण आपलं घड्याळ शेजारच्याशी जुळवतो, तो त्याच्या शेजारच्याशी, आणि असं करत फेरी पुरी झाली की शेवटच्याचं घड्याळ पहिल्याशी जुळत नाही. मी मधली पायरी न् पायरी तपासली. कुणीही चुकलेलं नाही, सगळ्यांनी नीट जुळवलंय, तरी फरक उरतो. हे मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, नुसतं आवडलं म्हणून.

आता माझी अडचण. त्याच पानावर खालून तिसऱ्या ओळीत त्या उरलेल्या फरकाच्या आधी तुम्ही अधिक लिहिलंय. मी तीनदा करून पाहिलं, मला उणे येतं. मी उलट्या दिशेनं फेरी मारली असेन, किंवा तुमची रीत माझ्या अजून अंगवळणी पडली नसेल, किंवा तुम्ही चुकला असाल. यातलं कुठलं, ते मला ठरवता येत नाही. मी काहीही बदललेलं नाही. समासात पेन्सिलीनं फक्त एक प्रश्नचिन्ह केलंय, तेही खोडता येईल असं. तुमचं उत्तर आल्याशिवाय सातवं पान उलटणार नाही. तेव्हा लवकर लिहा."